पिवळा दिवा आणि तुर्भ्याची भाजी

रबाळ्याच्या एमआयडीसीत माझं छोटं गॅरेज आहे आणि तीस वर्षं डिझेल गाड्यांच्या खालीच गेली. या वेळी निम्म्याहून जास्त पत्रं डॅशबोर्डवरच्या एकाच दिव्याबद्दल आली आहेत. क्लच-ब्रेकवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत कळ काढावी.

प्रश्न : मिस्तरीकाका, माझी 2021 सालची बीएस-6 (धुराच्या नव्या नियमांतली) पिकअप आहे, मीटरवर 41 हजार किलोमीटर झालेत. रोज पहाटे तीनला तुर्भ्याच्या भाजीपाला मार्केटमध्ये माल भरतो आणि वाशी, कोपरखैरणे, घणसोलीतल्या सात-आठ दुकानांत उतरवतो. दिवसाचे पंचवीस-तीस किलोमीटर. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, पिवळा दिवा लागला. दोनदा वर्कशॉपमध्ये लॅपटॉप लावून रिजन करून, म्हणजे आतली काजळी जाळून दिलं. आता म्हणतात फिल्टरच बदला. आकडा ऐकला आणि गाडी तिथेच सोडून चहा प्यायला गेलो. चहाच्या टपरीवर एक डायव्हर भेटला. त्याच्या ओळखीचा एक जण फिल्टरमधला जाळीचा दगड काढून सरळ पाइप घालतो, वर सॉफ्टवेअर मारून दिवाही घालवतो म्हणे. करून घेऊ का?
– तुर्भ्याहून एक भाजीवाहतूकदार

उत्तर : तुम्ही चहा प्यायला गेलात ते बरं केलंत. सही करून बसला असतात तर मला लिहायला काही उरलं नसतं.

आधी दगडाचं बोलू. माझ्याकडे एका अपघातातल्या गाडीचा डीपीएफ उभा कापून ठेवलेला आहे, येणाऱ्याला दाखवायला. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक चौकोनी भोकं आहेत. गंमत अशी की एक भोक पुढून बंद, शेजारचं मागून बंद. धूर पुढून आत शिरतो, समोर रस्ता बंद, म्हणून भोकाच्या भिंतीतून झिरपून शेजारच्या भोकात जातो आणि तिथून बाहेर. काजळी भिंतीच्या अलीकडेच राहते. कापलेल्या तुकड्यावर अलीकडून बोट फिरवलं तर काजळ घातल्यासारखं काळं होतं, पलीकडून फिरवलं तर बोट कोरडं आणि स्वच्छ. तुमच्या गाडीचं इंजिन गार असताना सायलेन्सरच्या टोकाला आतून पांढरं फडकं फिरवून बघा. फडकं जेमतेम मळलं तर दगड शाबूत आहे. काळंकुट्ट निघालं तर तो तडकलाय, नाहीतर आधीच्या मालकाने ‘ओळखीच्या माणसा’कडे नेला होता.

ही साठलेली काजळी गाडीने स्वतःच जाळायची असते, त्यालाच रिजनरेशन म्हणतात. हायवेवर भार घेऊन चालणाऱ्या गाडीत थोडी थोडी आपोआप जळत राहते. जास्त साठली की कॉम्प्युटर सिलिंडरमध्ये उशिराने थोडं जादा डिझेल मारतो. ते पुढे एक्झॉस्टमध्ये जळतं आणि फिल्टरमधलं तापमान 600 अंशांच्या आसपास जातं. तेवढा ताव सलग पंधरा-वीस मिनिटं मिळाला की काजळीचा बार उडतो.

आता तुमचा दिवस बघा. पहाटे गार इंजिन, मार्केटच्या गेटला रांग, गाळ्यासमोर अर्धा तास आयडलिंग. मग तीन किलोमीटर, गाडी बंद, भेंडी-गवार उतरवा, परत दोन किलोमीटर, परत बंद. कॉम्प्युटर बिचारा जाळ धरतो आणि तुम्ही कोपरखैरण्याला चावी फिरवता. घणसोलीला परत धरतो, परत बंद. चूल पेटते न पेटते तोच तिच्यात पाणी. फिल्टर खराब नाही हो, त्याला जेवायला वेळच मिळत नाही.

हे मी अंदाजाने सांगत नाही, तुमच्याच आकड्यावरून सांगतो. फिल्टरमध्ये दोन गोष्टी साठतात, काजळी आणि राख. काजळी जळते. राख येते इंजिन ऑइलमधल्या रसायनांची, ती कितीही रिजन मारलं तरी जळत नाही आणि शेवटी फिल्टर उतरवूनच साफ करावी लागते. पण राखेने फिल्टर भरायला साधारण लाख-दोन लाख किलोमीटर जातात. 41 हजारांत भरला असेल तर तो काजळीनेच, आणि काजळीसाठी फिल्टर बदलणं म्हणजे भांडं घासायचा कंटाळा म्हणून नवं भांडं आणणं. वर्कशॉपवाल्याला सांगा, स्कॅनरवर काजळीचा आकडा आणि राखेचा आकडा वेगवेगळा दाखव. दाखवत नसेल तर दुसरीकडे जा.

दुसरं, जबरदस्तीने रिजन मारण्याआधी ‘ते आपोआप का होत नाही’ हे कोणी तपासलं का? इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ऐरोलीत पाण्याचे जार पोहोचवणारी एक पिकअप माझ्याकडे यायची. दिवा लागला की मी लॅपटॉप लावायचो, रिजन व्हायचं, दहा-बारा दिवसांत मालक परत दारात. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी लाज वाटली आणि स्कॅनर जोडून त्याच्या शेजारी बसून महापेमार्गे शिळफाट्यापर्यंत गेलो. अर्धा तास गाडी चालली तरी इंजिनमधल्या पाण्याचं तापमान 62 अंशांच्या वर जाईना. ते 80 ते 90 मध्ये हवं. इंजिनच गार, मग कॉम्प्युटर रिजनला हात कशाला लावतोय! उतरून थर्मोस्टॅटचं घर उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नाही, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडपच गायब. ‘गाडी तापते’ म्हणून कोणीतरी उन्हाळ्यात काढून फेकला होता. कोणी, ते शोधायला जुनं रजिस्टर काढलं. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली नोंद, अक्षर माझ्याच पोराचं. जुन्या गाड्यांत ही आमची सर्रास सवय होती आणि त्यांत ती खपूनही जायची. नव्यात नाही खपत. त्या मालकाकडून नंतर वर्षभर मी मजुरी घेतली नाही.

तेव्हा तुमच्या गाडीत थर्मोस्टॅट आहे का, हे पहिलं बघा. मग फिल्टरच्या पुढून आणि मागून दोन बारीक नळ्या निघून एका सेन्सरला जातात, त्या बघा. आत किती चोंदलंय हे गाडीला त्या नळ्यांमधल्या दाबाच्या फरकावरून कळतं. नळी तडकली किंवा उंदराने कुरतडली की आकडा खोटा येतो. भाजीच्या गाडीत उंदीर नसतील असं मला सांगू नका. इंटरकूलरच्या (इंजिनात जाणारी हवा गार करणाऱ्या जाळीच्या) होसला तेलकट ओल दिसली तर तिथून हवा फुटतेय. हवा कमी म्हणजे काजळी जास्त. ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप, उघडा अडकला असेल तरी तेच. आणि इंजिनचा चेक लाइट आधीपासून लागलेला असेल किंवा टाकीत डिझेल पाव टाकीच्या खाली असेल, तर बऱ्याच गाड्यांत रिजन सुरूच होत नाही. दोनशे-तीनशेचं डिझेल टाकून फिरायची आपल्याकडे पद्धत आहे, ती इथे नडते.

हे सगळं ठीक असेल तर औषध रस्त्यावर आहे. आठवड्यातून एकदा, आणि पिवळा दिवा लागला तर त्याच दिवशी, रात्री अकरानंतर तुर्भ्याहून सायन-पनवेल हायवेला लागा. नेरूळ, उरण फाटा, बेलापूर, खारघर करत कळंबोलीपर्यंत. पाचव्याऐवजी चौथा गिअर, आरपीएम दोन हजारांच्या वर, पाय शक्यतो उचलायचा नाही. वेगमर्यादा मोडायची गरज नाही, इंजिनला भार पडायला हवा इतकंच. म्हणून गाडी रिकामी नेण्यापेक्षा भरलेली बरी. कळंबोलीच्या स्टील मार्केटकडचं एखादं भाडं धरलंत तर जाण्यायेण्याचं दोन-अडीच लिटर डिझेलही सुटेल. उभ्या गाडीत न्यूट्रलला रेस देत बसू नका, त्याने धूर आणि शेजाऱ्यांच्या शिव्या यापलीकडे काही होत नाही. काही गाड्यांत उभ्याने रिजन करायचं बटण असतं, ते असेल तर पुस्तकात लिहिल्याप्रमाणेच वापरा. आणि दिवा लुकलुकायला लागला, गाडी उठेनाशी झाली, तर मात्र हायवे नको, सरळ वर्कशॉप.

रिजन चालू आहे हे ओळखायला शिका. आयडल थोडा चढतो, रेडिएटरचा पंखा विनाकारण घोंघावतो, मागून तापलेल्या लोखंडाचा वास येतो. त्या वेळी दुकान आलं तरी चावीला हात लावू नका, जमलं तर एक मोठी चक्कर मारून या. आणि गाडी कुठे उभी करता ते बघा. एप्रिल-मेमध्ये शेजारच्या फळ मार्केटात आंब्याच्या पेट्यांतला पेंढा पायाखाली पसरलेला असतो. तसल्या पेंढ्यावर तापलेला सायलेन्सर आणून उभा करणं म्हणजे काडी ओढून टाकणं.

राहिला टपरीवरचा सल्ला. बीएस-6 देशभर 1 एप्रिल 2020 ला आलं, त्यासाठी डिझेलमधलं गंधक 50 पीपीएमवरून 10 वर आणलं. या खटपटीत ती काजळी अडवणंही आलं. दगड काढलेली गाडी प्रदूषणाच्या नियमात बसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली पहिल्याच वेळी 10 हजारांपर्यंत दंड किंवा 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर 3 महिने लायसन्स बाद. धंदा लायसन्सवर चालतो, म्हणून आधी तेच सांगितलं. पण पहाटे तीनला तुमच्या गाडीमागे गोणी उचलायला वाकलेल्या माथाडीचं तोंड सायलेन्सरच्या उंचीला येतं, हे तुम्ही रोज बघता. माझ्या गॅरेजमध्ये हे काम होत नाही. विचारायला आलेल्याला चहा मिळतो.

प्रश्न : आमच्या बेकरीची एक पिकअप ठाण्यात चालते, घोडबंदर रोडला रोज दोन फेऱ्या. डायव्हर म्हणाला, ‘ताई, ऑइल कमी होण्याऐवजी वाढलंय, इंजिन एकदम झकास आहे.’ डिपस्टिकवर खरंच वरच्या खुणेपेक्षा अर्धा बोट जास्त दिसतंय. मला हे पटत नाही.
– कासारवडवलीहून एक वाचक

उत्तर : ताई, तुमचं बरोबर आहे. इंजिन काही गाय नाही, ऑइल देत नाही. वाढलंय ते डिझेल आहे.

मघाशी म्हटलं तसं रिजनसाठी उशिराने मारलेलं डिझेल सगळंच पुढे जात नाही. थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून घरंगळून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. रिजन पूर्ण झालं तर ते थोडक्यात निभावतं. पण गायमुखच्या घाटात गाडी मुंगीच्या पायाने चाललीय, रिजन अर्धवट सुटतंय आणि परत सुरू होतंय, असं आठवडाभर चाललं की ऑइल पातळ होत जातं. डिपस्टिक काढून दोन बोटांत चोळा. ऑइल बोटांना तार धरतं, डिझेल मिसळलेलं पाण्यासारखं घसरतं. वासही येतो.

वरची खूण ओलांडलीय तर आज गाडी काढू नका. पातळ ऑइलने बेअरिंग आणि टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) झिजतात. फारच वाढलं तर इंजिन तेच ऑइल ओढून जाळायला लागतं, आणि मग चावी काढली तरी बंद होत नाही. वरचं जादा काढून टाकणे हा उपाय नाही, सगळं ऑइल आणि फिल्टर बदला. नवं घेताना डब्यावरचं चित्र बघू नका, ग्रेड बघा. गाडीच्या पुस्तकात कमी राखेचं जे ग्रेड दिलंय तेच हवं. जुन्या गाडीचं उरलेलं स्वस्त ऑइल घातलं तर त्याची राख फिल्टरमध्ये कायमची बसते. ऑइल बदलूनही पंधरा दिवसांत परत चढलं तर इंजेक्टर गळतोय का ते तपासून घ्या.

डायव्हरला रागावू नका. डिझेल वाचवायला सिग्नलला गाडी बंद कर, हे त्याला आपणच इतकी वर्षं शिकवलं. आता त्याला सांगा की पंखा घोंघावत असेल तेव्हा बंद करायची नाही, आणि डिझेलचा हिशेब चार रुपयांनी चुकला तर विचारणार नाही. हे दुसरं वाक्य सांगितल्याशिवाय पहिलं तो पाळणार नाही.

प्रश्न : डीपीएफ आणि डीईएफ एकच का? डीईएफची बादली महाग पडते. गावाकडून युरियाच्या दोन गोण्या आणल्यात, घरी पाण्यात कालवून टाकल्या तर चालेल का?
– तळोज्याहून एक वाचक

उत्तर : एकच नाहीत. डीपीएफ काजळी धरतो. डीईएफ हा वेगळ्या टाकीतला द्राव, तो नायट्रोजनच्या ऑक्साइडांसाठी, आणि तो लागतच नाही अशाही पिकअप आहेत. तुमच्या गाडीला निळ्या झाकणाची टाकी असेल तरच त्याची भानगड. त्यात 32.5 टक्के शुद्ध युरिया आणि बाकी खनिजं काढलेलं पाणी असतं. शेतीच्या युरियाला 2015 पासून सरसकट कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, तो आणि नळाच्या पाण्यातले क्षार मिळून पंप आणि नोझल बंद पाडतील. चुकून डिझेलच्या टाकीत ओतलंत तर चावीसुद्धा फिरवू नका, गाडी ओढून आणा. त्या दोन गोण्या गावी परत पाठवा, भाताला लागतील.