काका गेल्यावर वर्षभरातच काकू पार्लरला जायला लागली. मला ते खटकतं. माझं चुकतंय का?

होय, चुकतंय. पण तुम्ही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही लिहिलंय की काकू केस रंगवते, भुवया कोरून घेते, टिकली लावते आणि घरातले म्हणतात, "आता हिला कुणाला दाखवायचंय?" कोल्हापुरात राजारामपुरीत माझं छोटं पार्लर आहे, १९ वर्षं झाली. हे वाक्य ऐकून आलेल्या कितीतरी बायका माझ्या खुर्चीत बसून गेल्यात.

त्या वाक्यातला "कुणाला" बघा. बाईनं नटायचं ते कुणासाठी तरी, असं त्यात धरूनच चाललंय. लग्नाआधी बघायला येणाऱ्यांसाठी, लग्नानंतर नवऱ्यासाठी आणि चार माणसांत घर शोभावं म्हणून. नवरा गेला की सगळं बंद. काकूच्या लग्नाआधी "उन्हात हिंडू नकोस, काळी पडशील" म्हणून तिला कुणीतरी सांगितलंच असणार. आज नावं ठेवणारी माणसं त्याच वळणाची आहेत.

हे मी रोज बघते. स्थळ यायच्या आदल्या दिवशी आई मुलीला घेऊन येते आणि मुलीसमोरच म्हणते, "रंगानं जरा कमी हाय, उजळ दिसंल असं कायतरी करा की." पहिली काही वर्षं मी गप्प बसून ब्लीच करून द्यायचे. वर आणखी फेशियलचं पॅकेज गळ्यात मारायचे. ते माझं चुकलं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. पुढे एक मुलगी आली, गाल लालबुंद, हात लावला तरी आग व्हायची, गालावर बारीक लव वाढलेली. कुणीतरी सांगितलं म्हणून चार-पाच महिने ती मेडिकलमधून आणलेली एक ट्यूब चोळत होती. त्यात स्टेरॉइड होतं. असली मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ठरावीक दिवसच लावायची असतात. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, ऊन सोसत नाही, आणि एकदम बंद केलं तर चेहरा आणखी पेटतो. मी तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्या दिवसापासून "गोरं करून द्या" म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणते.

आता तुमच्या काकूसारख्या एका बाईंबद्दल सांगते. पन्नाशीच्या असतील. दुपारी दोनला, पार्लर रिकामं असताना आल्या. आत आल्या आल्या म्हणाल्या, "ताई, दार लावून घ्या." मिस्टर जाऊन आठ महिने झाले होते. कपाळावर मधोमध, टिकलीच्या जागी, पांढरा गोल डाग. तीस वर्षं चिकटवायच्या टिकल्या लावलेल्या. त्यांच्या गोंदातल्या रसायनानं काही जणींच्या कातडीचा रंग तेवढ्यापुरता जातो. टिकली असेपर्यंत तो झाकलेला होता. टिकली काढायला लावल्यावर उघडा पडला, आणि भावकीत बोलणं सुरू झालं की नवरा गेला आणि हिला कोड फुटलं. बाई घराबाहेर पडेनाशा झाल्या होत्या.

मी दोरा दातात धरून भुवया करत होते. त्या डोळे मिटून, बोटांनी कातडी ताणून धरून बसल्या होत्या आणि डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडे ओघळत होतं. आयब्रो करताना पाणी येतंच बऱ्याच जणींच्या डोळ्यांत, पण हे थांबेना. झाल्यावर आरसा दिला. बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मी हाय अजून." डागासाठी मी त्यांना डॉक्टरांकडे जायला सांगितलं. टिकली काढल्यामुळे तो गोंद बंद झालाच होता, पण टिकली लावायची की नाही, ते त्यांच्यावर सोडलं गेलं असतं तर बरं झालं असतं.

आणि आपण कोल्हापूरची माणसं. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला. आपल्याच जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून राज्यातल्या बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तेच करायला सांगितलं. शिरोळ तालुक्यातल्या गावाला जमलं ते तुमच्या घराला का जमू नये?

पुरुषाच्या बाबतीत बघा. बायको गेलेल्या माणसाला त्याच्याच बहिणी सांगतात, "केस रंगव, दाढी रोज कर, असा खंगल्यासारखा दिसू नकोस." त्याला कुणी विचारत नाही की कुणाला दाखवायचंय.

एक मात्र मला कळतं. तुम्हाला काकांची आठवण येत असणार. काकूनं केस रंगवले की वाटत असेल, ही विसरली. पण तिचं दुःख तुम्हाला कपाळावर दिसलंच पाहिजे, असा हट्ट धरू नका. रात्री त्या घरात ती एकटी असते.

पुढच्या वेळी कुणी तिच्याबद्दल बोललं, तर तिथंच, सगळ्यांसमोर "मला तर छान वाटतं बघायला" एवढं म्हणा. सुरुवातीला जड जाईल, तरी म्हणा. आणि काकूला सांगा, नवीन डाय आणला की आधी कानामागे थोडासा लावून दोन दिवस वाट बघायची. काळ्या डायमध्ये बहुतेक वेळा पीपीडी नावाचं रसायन असतं, त्यानं काहींचा चेहरा, डोळे सुजतात. काळी मेंदी म्हणून मिळणाऱ्या पुड्यांतही पुष्कळदा तेच घातलेलं असतं. खाज सुटली तर तो डाय परत लावायचा नाही.