ज्याचा काही त्रास नाही, तो धाकटा

मावशी,
आम्ही चिपळूणला राहतो. ह्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, वर्षभर सुट्टी अशी नसते. म्हणून शाळांना सुट्टी लागली की दिवाळीत आणि मे महिन्यात आम्ही चार दिवस गाडी काढतो. ठिकाणांची यादी हेच करतात. गेल्या मे महिन्यात चार दिवसांत हेदवी, जयगड, गणपतीपुळे, आरे-वारे, कशेळी, विजयदुर्ग, कुणकेश्वर, मालवण, देवबाग आणि शेवटी आंबोली, एवढं केलं. मुलगी आता चौदा वर्षांची आहे. यंदा दिवाळीत ती येणार नाही म्हणते. ‘आपण नुसते गाडीतून उतरतो आणि परत गाडीत चढतो,’ असं तिने ह्यांना तोंडावर सांगितलं. तेव्हापासून बापलेकीत अबोला आहे. हे म्हणतात, मी एवढं पेट्रोल कुणासाठी जाळतो? धाकट्याचा काही त्रास नाही. तो आठ वर्षांचा आहे. त्याला गाडी लागते, पण सकाळी गोळी दिली की झोपून असतो. तवसाळला गाडी फेरीबोटीवर चढवली तेव्हासुद्धा उठला नाही, इतका शहाणा आहे. ठिकाण आलं की त्याला उठवून फोटो काढतो. प्रश्न मुलीचा आहे. तिला समजावू की ह्यांना?
– दोघांच्या मध्ये अडकलेली, चिपळूण

अगं बाई,

मुलगी आणि नवरा, दोघांना जरा बाजूला ठेव. तुझं पत्र वाचताना मी फेरीबोटीपाशी थांबले, ती अजून तिथेच आहे.

आठ वर्षांचा मुलगा फेरीबोटीवर झोपून राहिला. तुला हे लिहिताना काहीच वाटलं नाही? तवसाळच्या धक्क्यावर गाड्या रांगेत उभ्या असतात, पलीकडून बोट येते, तिचं तोंड उघडतं, आतल्या गाड्या बाहेर पडतात आणि आपली गाडी चक्क समुद्राच्या दिशेने आत शिरते. मग पायाखाली इंजिन थरथरायला लागतं, किनारा सुटतो, शास्त्री नदीच्या मुखातलं खारं वारं तोंडावर येतं, समोर जयगड दिसायला लागतो. मोठी माणसंसुद्धा काचा खाली करून बाहेर बघतात. आठ वर्षांच्या पोराने तर तेवढ्या वेळात दहा प्रश्न विचारायचे, कठड्याशी पळायचं, तुझ्या हाताला हिसका द्यायचा. तो मागच्या सीटवर मान टाकून पडून होता आणि तू मला लिहितेस, इतका शहाणा आहे.

तो शहाणा नाही गं, औषधाच्या अमलाखाली आहे. गाडी लागू नये म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत प्रोमेथाझिनसारखं औषध असतं. ते मळमळ थांबवतं आणि त्याच दमात पेंगही आणतं, आणि ती पेंग तासा-दोन तासांत उतरत नाही. सकाळी सातला दिलेली गोळी दुपारच्या जेवणापर्यंत डोळ्यांवर राहते. चार दिवस, रोज सकाळी एक. कोणत्या डॉक्टरांनी सांगितली, त्याच्या वजनाला किती द्यायची, यातलं तुझ्या पत्रात एक अक्षर नाही. ते बघून मला धसका बसला, हेही सांगून टाकते.

आता थोडं बोचेल असं बोलते. तू म्हणशील, त्याला उलट्या होऊ नयेत म्हणून गोळी देते. पण मला विचारशील तर ती गोळी त्याच्यासाठी नाही, यादीसाठी आहे. तुम्ही कोकणातली माणसं, आपला रस्ता कसा आहे ते मी तुला काय सांगू. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर चढायचं, वळणं घेत खाडीपर्यंत उतरायचं, पूल ओलांडला की पुन्हा चढण. चार दिवसांत दहा ठिकाणं गाठायची तर या वाटेवर थांबून चालतच नाही. जागं असलेलं मूल मात्र दर अर्ध्या तासाने थांबायला लावतं. शू लागते, पोटात ढवळतं, रस्त्यात म्हैस दिसली म्हणून ओरडतं. ते झोपलेलं असलं तरच यादी पुरी होते. तुझ्या घरातल्या सहली तुझा मुलगा झोपतो म्हणून पार पडतात, आणि तो झोपतो म्हणून त्याचा त्रास नाही. मुलगी तोंड उघडून बोलली, म्हणून तुला फक्त तिचा प्रश्न दिसला. धाकट्याला बोलायची सोयच ठेवलेली नाही.

मुलीचं सांगायचं तर ती अगदी बरोबर बोलली आहे. तिला समजावण्यासारखं त्यात काही नाही, म्हणून तिच्यावर जास्त लिहीत नाही.

गाडी का लागते ते आधी ध्यानात घे, म्हणजे पुढचं सोपं होईल. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो. तो मेंदूला सांगतो की आपण हलतोय, वळतोय. डोळ्यांसमोर मात्र पुढच्या सीटची पाठ किंवा मोबाइल असतो, आणि डोळे सांगतात की काही हलत नाही. या दोन निरोपांचा मेळ बसला नाही की ढवळायला लागतं. साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास सगळ्यांत जास्त होतो, पुढे बहुतेकांचा कमी होत जातो. गाडी चालवणाऱ्याला सहसा होत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधीच दिसत असतं. म्हणून मुलाला समोरचा रस्ता दिसेल असं उंच बसव, पट्टा लावून. नजर लांब ठेवायला शिकव, डोंगराच्या कडेवर, आभाळाला टेकलेल्या माडांच्या शेंड्यांवर. काच थोडी उघडी राहू दे. डॅशबोर्डवर ती वासाची बाटली असेल तर आजच फेकून दे, त्या वासानेच बऱ्याच मुलांना मळमळतं. उपाशी नेऊ नको आणि वडे-मिसळ खाऊनही नेऊ नको. मऊ भात, पेज किंवा दोन बिस्किटं पुरे. खिशात आलेपाक नाही तर आवळासुपारी दे. आणि ओकला तर ओकला. पिशवी, पाणी, जुना टॉवेल जवळ ठेव. ओकून मोकळं झालेलं मूल पाच मिनिटांत हसायला लागतं, हे तुला मी सांगायला नको.

आता मी सांगते ते कर. पर्याय देत नाही, एकच गोष्ट सांगते. या दिवाळीत यादी नाही. भाऊबीज उरकली की दुसऱ्या दिवशी सकाळी निघा, हेदवीला जा आणि तिथेच तीन रात्री राहा. मे महिन्यात तुम्ही हेदवी ‘केलंत’ असं लिहिलंयस. किती वेळ होता तिथे? दशभुज गणपतीचं दर्शन, बामणघळीपाशी फोटो, आणि निघालात जयगडला. मुलगा तेव्हाही अर्धा झोपेतच असणार. चिपळूणहून मार्गताम्हाने, शृंगारतळी करत हेदवी काही लांब नाही. तुमचे हे दोन तासांत पोचवतील, पण तुम्ही चार तास धरा. मार्गताम्हान्याला थांबा, शृंगारतळीला थांबा, चहा प्या, पोराला रस्त्याच्या कडेला उभं राहून श्वास घेऊ दे.

हेदवीच का, तर तिथे असं काही आहे जे वेळ साधल्याशिवाय दिसतच नाही. उमामहेश्वराच्या देवळाजवळ काळ्या कातळात ती अरुंद बामणघळ आहे. भरती चढली की लाट त्या चिरेत घुसते, आत कोंडते आणि उसळून वर उडते. ओहोटीला जाल तर दिसेल फक्त दगडातली भेग. यादीवाली माणसं बहुतेक वेळा ती भेगच बघून परततात. दिवाळीत समुद्र पावसाळ्याइतका चवताळलेला नसतो, पण लक्ष्मीपूजन अमावास्येला असतं, म्हणजे भाऊबीजेच्या आसपास उधाण असतं. अष्टमीकडे जाताना भांगाचे दिवस येतात, पाणी तितकं चढत नाही. म्हणून म्हणते, भाऊबीजेनंतर लगेच जा.

भरतीची वेळ पोरांना काढायला लाव. आपल्याकडे दर्यावर जाणारी माणसं घड्याळाकडे न बघता सांगायची, तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. तृतीयेला तीनाची पाऊणपट, दुपारी सव्वादोन. चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार. थोडं मागेपुढे होतं, पण हिशेब चुकत नाही. चंद्र रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा उगवतो, तशी भरतीही तितकीच मागे सरकते. आठ वर्षांच्या मुलाला पाऊणपट जड जाईल, तिथे बहिणीला विचारू दे. ती शिकवेल. तिला तुम्ही ‘चल’ म्हणून विनवू नका. कागदावर तिथी आणि भरती मांडायचं काम तिच्या पुढ्यात ठेव आणि बाजूला हो. ती येणार नाही म्हणाली ती गाडीत चढण्या-उतरण्याला. एका जागी तीन दिवस राहायला ती नाही म्हणालेली नाही, कारण तिला तसं कुणी विचारलंच नाही.

भरतीच्या सहा तास आधी ओहोटी. म्हणजे चतुर्थीला सकाळी नऊला, पंचमीला पावणेदहाला पाणी मागे गेलेलं असेल. तेव्हा त्याला किनाऱ्यावर ने आणि काही दाखवू नको, नुसतं बसू दे. ओल्या वाळूत हरभऱ्यापेक्षाही बारीक कुर्ल्या बिळातून बाहेर येतात, वाळूतलं खाणं चाटून घेतात आणि उरलेल्या वाळूच्या गोळ्या भोवती टाकत जातात. थोड्या वेळात बिळाभोवती रांगोळी काढलेली दिसते, आणि पाणी चढलं की पुसली जाते. कातळातल्या डबक्यांत दुसऱ्याच्या शंखात राहणारे शंखखेकडे असतात. हात लावला की आत जातात, गप्प बसलात तर बाहेर येतात. थंडीकडे कुरव पक्षी लांबून येऊन याच किनाऱ्यांवर उतरतात. हे सगळं बघायला एकच अट आहे, मूल जागं हवं आणि कुणी ‘चला, उशीर होतोय’ म्हणता कामा नये.

एक गोष्ट मात्र घट्ट धर. बामणघळीच्या काठावर कुणी जायचं नाही. शेवाळलेल्या कातळावर पाय सरकतो आणि लाट कधी मोठी येईल याचा नेम नसतो. गावातल्या माणसांना विचारा, ते जिथे उभे राहतात तिथेच उभे राहा, धाकट्याचा हात धरून. फोटोसाठी पुढे जायचं नाही, तुझ्या ह्यांनीसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी पोराला बरं वाटत असेल तर तवसाळला जा. गाडी अलीकडेच ठेवा, माणसांनी फेरीबोटीत बसा, जयगडला उतरा, त्याच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं द्या आणि बोटीनेच परत या. पलीकडे काही बघायचं नाही.

आता तुझे हे. ते चिडतील, मला ठाऊक आहे. वर्षातून दोनदा मिळणारे चार दिवस, त्यात एकच ठिकाण म्हणजे त्यांना पैसे वाया गेल्यासारखं वाटेल. त्यांच्याशी वाद घालत बसू नको. दोघांच्या मध्ये उभं राहून निरोप पोचवायचं काम तू इतकी वर्षं केलंस, ते आता सोड. रात्री जेवायला सगळे बसलात की त्यांच्यासमोर धाकट्याला विचार, ‘मे महिन्यात काय काय बघितलं रे?’ त्याला उत्तर देऊ दे. मधे बोलू नको, आठवण करून देऊ नको, फोटो दाखवू नको. तो काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, ते बापाच्या कानांवर पडू दे. पेट्रोल कुणासाठी जाळतो असं ते विचारतात ना, उत्तर त्यांना तिथेच मिळेल. मग एवढंच सांग, की हेदवीला तीन रात्रींची खोली मी घेतली आहे. आणि ती आधीच घेऊन ठेव. दिवाळीत आयत्या वेळी मिळत नाही.

या आठवड्यात पोराला मुलांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. गोळीचं पाकीट सोबत ने, किती आणि किती दिवस दिली ते खरं खरं सांग. कधी लांबच्या प्रवासाला औषध लागलंच, तर कोणतं आणि किती, ते त्यांच्याकडून कागदावर लिहून घे. तुझ्या पर्समधलं पाकीट तोवर त्यांच्याच टेबलावर ठेवून ये.

– मावशी