चंदनतस्कर वीरप्पन इतकी वर्षे पोलिसांना का सापडला नाही?

मुख्य कारण असे की त्याचे जंगल कर्नाटक, तमिळनाडू आणि केरळ या तीन राज्यांत पसरलेले होते आणि पाठलाग बरेचदा राज्याच्या हद्दीशीच अडखळत असे. आपण ठाणेकर येऊर डोळ्यांपुढे ठेवून अंदाज बांधतो. परंतु येऊर ज्याचा भाग आहे ते अख्खे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे, तर त्याचा वावर साधारण ६,००० चौरस किलोमीटरांत होता. जंगलालगतच्या गोपीनाथम् गावचाच असल्याने पाणवठे आणि पायवाटा त्याला पाठ होत्या, शिवाय खबरी असल्याच्या नुसत्या संशयावरूनही तो माणसे मारत असे. १९९३ मध्ये पालारजवळ त्याने घडवलेल्या सुरुंगस्फोटात २२ जण ठार झाले. अखेर १८ ऑक्टोबर २००४ रोजी धर्मपुरी जिल्ह्यात, उपचारासाठी नेण्याच्या मिषाने रुग्णवाहिकेत बसवून बाहेर काढल्यावर तो मारला गेला, म्हणजे जंगलात नव्हेच, रस्त्यावर. हा तपशील पोलिसांनी तेव्हाच जाहीर केला होता. मात्र गावकऱ्यांचे मौन म्हणजे त्याच्यावरील प्रेम, असे सरसकट समजू नये. त्याला पकडण्यासाठी नेमलेल्या पोलिसांच्या विशेष कृती दलाचीही त्यांना तितकीच धास्ती होती आणि दलाच्या अत्याचारांबद्दल राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने पुढे पीडितांना भरपाई देण्यास सांगितले.