आधी खुर्चीत बसून बघा

गेली बावीस वर्षं मी नोकरी करणाऱ्या बायकांचे कपडे बेतते, शिवते आणि दुरुस्त करते. फिटिंगला आलेल्या प्रत्येकीला मी आधी खुर्चीत बसवते, मग दोन्ही हात वर करायला लावते, मग जमिनीवरची टाचणी उचलायला सांगते. आरशासमोर ताठ उभं राहिलं की बहुतेक कपडे चांगलेच दिसतात. कामाचा दिवस मात्र बसून, वाकून, हात पुढे करून जातो. या वेळच्या पत्रांतले बरेच प्रश्न फिरून तिथेच येतात.

प्रश्न : ताई, शर्टाचा साइझ वाढवला की खांदे लोंबतात, कमी केला की छातीवर दोन बटणांच्या मध्ये फट पडते. मीटिंगमध्ये माझा हात सारखा तिथेच जातो. काय करू?

हे पत्र मला दर महिन्याला कोणी ना कोणी लिहितं, तेव्हा दोष तुमच्या बांध्यात नाही हे आधी सांगते. तयार शर्ट एका ठरावीक बांध्यावर बेतलेले असतात, बहुधा ब्राच्या बी कपच्या. छाती त्याहून भरलेली असेल तर पुढच्या भागाला कापड रुंदीत कमी पडतंच, लांबीतही पडतं. म्हणून शर्टाचा पुढचा घेर वर चढतो, काखेतून छातीकडे चुण्या येतात आणि बटणपट्टी फाकते.

शर्ट घेताना छातीच्या सगळ्यात भरलेल्या जागी बसेल तो साइझ घ्या आणि बाकीचं शिंप्याकडून आत घ्या. पाठीत दोन उभे टक्स आणि दोन्ही बाजूंच्या शिलाया एवढ्यावर बहुतेक शर्ट अंगासरशी बसतात. खांदा उतरत असेल तर बाही उसवून मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, आत घेता येतो. शर्टाला पॅडिंग, अस्तर काही नसतं, त्यामुळे चांगला शिंपी हे काम सहज करतो. ब्लेझरचं नेमकं उलट. तिथे खांद्यात पॅड, बक्रम (ताठपणासाठी घातलेलं कडक कापड), अस्तर असे थर असतात आणि तो उसवणं म्हणजे अर्धा ब्लेझर पुन्हा शिवणं. म्हणून ब्लेझर खांद्याला बघून घ्यायचा. शिलाई खांद्याच्या हाडाच्या टोकाशी यायला हवी. छातीवर थोडा घट्ट वाटला तर तो उघडा घालता येतो. उघडा शर्ट घालून मीटिंगला बसता येत नाही.

आता बटणं. छातीच्या सगळ्यात भरलेल्या रेषेवर एक बटण असायलाच हवं. ती रेषा दोन बटणांच्या मधोमध आली की फट पडणारच. नवा शर्ट शिवायला टाकताना शिंप्याला सांगा, पहिली खूण या रेषेवर करा आणि तिथून वर-खाली सारखी अंतरं मोजा. तयार शर्ट असेल तर फट पडते तिथे आतून छोटं टिचबटण लावा. वरच्या पट्टीला दोन पदर असतात. सुई त्यातल्या आतल्या पदरातूनच घाला, म्हणजे बाहेरून टाका दिसत नाही. दहा मिनिटांचं काम आहे. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप एखाद्या दिवसापुरती चालते, पण घाम आला की सुटते. महत्त्वाच्या दिवशी तिच्यावर भिस्त ठेवू नका.

प्रश्न : माझ्या कपाटात तीन वेगवेगळ्या साइझच्या पँट आहेत आणि तिन्ही मला बसतात. माझा खरा साइझ कोणता?

असा कुठलाच साइझ नसतो. हे आकडे आले कुठून ते ऐका. 1939-40 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने सुमारे 15,000 स्त्रियांची मापं घेतली. हिशेबात धरली ती फक्त गोऱ्या स्त्रियांची. त्या मापांच्या पायावर 1958 मध्ये तिथे साइझचं प्रमाण ठरलं. उत्पादकांनी ते पाळणं हळूहळू सोडलं आणि 1983 मध्ये ते मागे घेण्यात आलं. तेव्हापासून जो तो ब्रँड आपापला आकडा लावतो, आणि गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून तोच आकडा मोठमोठ्या मापांना लावत जातो. ट्रायल रूममध्ये एका लेबलावरून डोळ्यांत पाणी आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्या आकड्याची लायकी एवढीच आहे.

तुमची सगळ्यात नीट बसणारी पँट जमिनीवर सपाट पसरा. कंबर, नितंबांची रुंदी, मांडी, आतली लांबी आणि मागून बेल्टपासून दोन पायांच्या जोडापर्यंतची उंची मोजा. ही पाच मापं फोनमध्ये ठेवा आणि खरेदी करताना साइझच्या तक्त्याऐवजी कपड्याच्या मापांशी ताडून बघा. शेवटचं माप बहुतेक जणी घेत नाहीत, आणि बसल्यावर पँट मागून खाली सरकते ती बरेचदा त्याच मापामुळे.

प्रश्न : नव्या ब्लेझरच्या मागच्या कटावर फुलीसारखा दोरा आहे. ती डिझाइन आहे का?

नाही. वाहतुकीत कट उलगडू नये म्हणून घातलेला तो कच्चा टाका आहे. घालण्याआधी काढून टाका. बाहीवर वरून लेबल टाचलेलं असेल तर तेही काढा. खिसे शिवून बंद केलेले असतील तर आतून हात लावून बघा. आत पिशवी असेल तर टाके उसवा.

प्रश्न : घरी गरम पाण्यात धुतलेल्या ब्लेझरच्या छातीवर फुगे आलेत. इस्त्रीने बसतील का?

वाईट वाटतं सांगायला, पण नाही बसणार. तुमच्या ब्लेझरचा आतला थर कापडाला उष्णतेने चिकटवलेला होता. पाण्याने आणि उष्णतेने तो डिंक जागोजागी सुटला. इस्त्रीने फुगे घटकाभर दबतात, पुन्हा वर येतात. पुढचा ब्लेझर घेताना खालच्या काजाजवळचं कापड पुढून आणि मागून चिमटीत धरा, दोन्ही पदर हलकेच ओढून वेगळे करा. मध्ये तिसरा पदर मोकळा सरकताना बोटांना जाणवला तर आत शिवलेला कॅनव्हास आहे. तो जास्त टिकतो. जाणवला नाही तर चिकटवलेला समजा. चिकटवलेला घेऊ नये असं मी म्हणत नाही. त्याला पाण्यात घालू नका आणि वाफेची इस्त्री एका जागी दाबून धरू नका. दर वेळी ड्रायक्लीनही नको. घालून झाल्यावर रुंद खांद्याच्या हँगरवर एक दिवस हवेशीर टांगा आणि ब्रशने धूळ झाडा.

प्रश्न : ऑफिसात सगळे एका शर्टावर असतात आणि मी एकटी कुडकुडते. माझंच काही बिघडलंय का?

ऑफिसचं तापमान ठरवण्याचं सूत्र 1960 च्या दशकातलं आहे आणि ते सरासरी पुरुषाच्या शरीरावर बेतलेलं आहे. ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये 2015 साली आलेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की स्वस्थ बसलेल्या स्त्रीच्या शरीरात तयार होणारी उष्णता हे सूत्र 35 टक्क्यांपर्यंत जास्त धरतं. तेव्हा तापमान वाढवायला बेधडक सांगा. तोवर वरून जाड काही चढवण्यापेक्षा शर्टाच्या आत अंगासरशी पातळ मेरिनो लोकरीचा किंवा रेशमाचा थर घाला. तो ब्लेझरखाली फुगत नाही आणि बाहेर पडल्यावर उकडत नाही.

प्रश्न : बायकांच्या पँटना खिसे का नसतात?

खिसे होते, आपल्याकडून गेले. सतराव्या-अठराव्या शतकात युरोपातल्या बायका घागऱ्याखाली कमरेला बांधायचे मोठे खिसे वापरत. अठराव्या शतकाच्या अखेरीला अंगासरशी, पातळ कपड्यांची फॅशन आली, त्या खिशांना जागा उरली नाही आणि हातात छोटी पिशवी आली. आजही कपडा सडपातळ दिसावा म्हणून खिसा पहिला कापला जातो. मला याचा मनापासून राग आहे. ओळखपत्र आणि फोन धरून एक हात दिवसभर अडकवायचा, तोही कामाच्या ठिकाणी! बाजूच्या शिलाईत खिसा बसवणं शिंप्याला अवघड नाही. पिशवी पातळ सुती कापडाची असावी आणि तिची वरची कड कमरपट्टीत अडकवून घ्यावी, म्हणजे फोनच्या वजनाने खिसा लोंबत नाही.

प्रश्न : तुमचं सगळं लिखाण ब्लेझरभोवती फिरतं. मी प्रयोगशाळेत काम करते. आमच्यासाठी काहीच नाही का?

तक्रार रास्त आहे, आणि चूक माझी आहे. ज्वाला किंवा गरम उपकरणांजवळ काम असेल तर पॉलिएस्टर आणि नायलॉन अंगावर नको. ही कापडं वितळून कातडीला चिकटतात. सुती किंवा लोकरी कपडे घाला. बाही मनगटाशी बंद होणारी असू द्या, लोंबणारे बो, ओढण्या आणि सैल कफ नकोत. पायाचा वरचा भाग झाकणारे बूट हवेत. कोटाच्या आत जाड कॉलर टोचते, म्हणून विणलेल्या सुती कापडाचा गोल गळ्याचा टॉप बरा. पुढच्या वेळी उभ्याने काम करणाऱ्यांसाठी सविस्तर लिहिते. तुमच्या अडचणी कळवा.

प्रश्न : अकरा वर्षांनी नोकरीला निघालेय. तीन आठवड्यांत मुलाखत आहे. जुनं काही अंगात येत नाही. वजन उतरेपर्यंत नवं घ्यायचं नाही असं ठरवलं होतं.

तो निर्णय आजच मोडा. मुलाखतीला आजचं शरीर जाणार आहे. त्याला बसणारे कपडे हवेत. खूप नकोत. एक गडद पँट, त्यावर जातील असे दोन टॉप आणि खांद्याला नेमकं बसणारं एक जाकीट. पँट शिवून घेत असाल तर पाठीमागच्या मधल्या शिलाईत दीड इंच दाब, म्हणजे शिलाईच्या आत जादा कापड, राखायला सांगा. पुढे वजन घटो की वाढो, तीच पँट आत-बाहेर करता येईल. तयार घेतलीत तर आत कापड किती राखलंय ते उलटून बघा.

कपडे हातात आले की मुलाखतीच्या आठवडाभर आधी अर्धा दिवस ते घालून घरात वावरा. खुर्चीत तासभर बसा, जिना चढा, वरच्या फळीवरचं काहीतरी काढा. हात सारखा कुठे जातोय त्यावर लक्ष ठेवा. तिथे टाचणी लावा आणि कपडा शिंप्याकडे न्या.