वाचकांचे प्रश्न : कपडे वाळवण्याच्या ड्रायरचा वीजखर्च

ड्रायरविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. विजेचा दर प्रत्येकाचा वेगळा असल्यामुळे सगळा हिशेब युनिटांत मांडला आहे. एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास. आपल्या बिलावरील दराने त्याला गुणले की खर्च निघतो.

प्रश्न : आमच्या ड्रायरवर २५०० वॅट असे लिहिलेले आहे आणि तो एका वेळी सुमारे दोन तास चालतो. म्हणजे दर वेळी पाच युनिटे जातात असे समजावे का? हा आकडा खाली आणता येईल का?

उत्तर : आपला हिशेब ढोबळमानाने बरोबर आहे, फक्त किंचित चढा आहे. शेवटच्या टप्प्यात कपडे वाळत आले की आतले तापमान चढते आणि थर्मोस्टॅट तापवणारे एलिमेंट अधूनमधून बंद करतो. त्यामुळे दोन्ही तास पूर्ण २५०० वॅट ओढले जात नाहीत. आठ किलोंच्या पूर्ण भाराला एलिमेंटवर चालणारा ड्रायर साधारण साडेचार ते पाच युनिटे घेतो.

मात्र हा आकडा कमी करायचा असेल तर वॅटकडे पाहून उपयोग नाही, पाण्याकडे पाहावे लागते. एक किलो पाण्याची वाफ करायला ०.६३ ते ०.६८ युनिट एवढी उष्णता लागतेच, मग ते पाणी उकळो अथवा नुसते हळूहळू उडून जावो. कपडा, ड्रम आणि बाहेर जाणारी हवा तापवण्यात आणखी काही उष्णता खर्ची पडते. म्हणून एलिमेंटच्या ड्रायरमध्ये प्रत्यक्षात किलोमागे सुमारे एक युनिट जाते. थोडक्यात, कपड्यांत जितके किलो पाणी घेऊन आपण ड्रायरचे दार लावतो, जवळजवळ तितकी युनिटे आपण आधीच मान्य केलेली असतात.

हे पाणी काढण्याची स्वस्त जागा म्हणजे वॉशिंग मशीन. मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या वेगाने पिळलेल्या सुती कपड्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ७० टक्के पाणी उरते. १००० फेऱ्यांना ते ६० टक्क्यांच्या आसपास येते, तर १४०० फेऱ्यांना ५० टक्क्यांच्या जवळ. पाच किलो कपडे धरले तर ८०० ऐवजी १४०० फेऱ्यांवर पिळल्याने एक किलो पाणी कमी होते, म्हणजेच ड्रायरचे एक युनिट वाचते. त्यासाठी वॉशिंग मशीनची मोटर जी जादा वीज घेते ती या बचतीपुढे अगदीच किरकोळ असते. पाणी ढकलून बाहेर काढणे आणि त्याची वाफ करणे यांच्या खर्चात इतके अंतर आहे की आपल्या जागी आम्ही ड्रायरच्या एकाही बटणाला हात लावण्याआधी स्पिनचा वेग वाढवला असता. नाजूक किंवा लोकरीच्या कपड्यांना मात्र हा नियम लावू नये. टॉवेल, चादरी, जीन्स यांच्याबाबत संकोच करण्याचे कारण नाही. हवे तर ड्रायरमध्ये टाकण्यापूर्वी स्पिन पुन्हा एकदा लावावे.

प्रश्न : हीट पंपाचा ड्रायर जवळजवळ तीन तास चालतो, असे शेजारी सांगतात. इतका वेळ चालणारे यंत्र वीज वाचवते हे कसे पटावे?

उत्तर : यंत्र किती वेळ चालते यावर खर्च ठरत नाही, ते दर तासाला किती वीज ओढते आणि किती वेळ ओढते, या दोहोंचा गुणाकार पाहावा लागतो. हीट पंपाचा ड्रायर सरासरी ७०० वॅट ओढतो आणि पावणेतीन तास चालतो असे धरले तर १.९ युनिट होतात. एलिमेंटचा ड्रायर तेच काम लवकर उरकतो, पण दुपटीहून अधिक वीज घेऊन.

मग वर सांगितलेल्या ०.६३ युनिटाच्या मर्यादेचे काय झाले, हा प्रश्न कोणालाही पडेल, आणि तो रास्त आहे. ही मर्यादा पाण्याची वाफ करण्यापुरती आहे. वाफेचे पुन्हा पाणी होताना तेवढीच उष्णता परत बाहेर पडते. साध्या ड्रायरमध्ये ती नळीवाटे घराबाहेर जाते किंवा खोलीत सोडून दिली जाते. हीट पंपाच्या ड्रायरमध्ये ड्रममधून आलेली दमट हवा एका थंड गुंडाळीवरून नेतात. तेथे वाफेचे पाणी होऊन ते टाकीत ठिबकते आणि सुटलेली उष्णता गुंडाळीतील शीतकद्रव्य शोषून घेते. कॉम्प्रेसर त्या द्रव्याचा दाब वाढवतो, त्यामुळे ते अधिक गरम होते, आणि दुसऱ्या गुंडाळीत हीच उष्णता त्याच हवेला परत देते. हवा पुन्हा ड्रममध्ये जाते. एकच उष्णता अशी फिरून फिरून वापरली जाते. वीज लागते ती मुख्यतः तिला फिरवण्यासाठी. म्हणून या ड्रायरमध्ये किलोभर पाण्यामागे ०.३ ते ०.४५ युनिट पुरते. हवा कमी तापवलेली असल्यामुळे वेळ जास्त लागतो, पण त्याच कारणाने कपड्यांचे आटणे आणि रंग विटणेही कमी होते.

प्रश्न : हीट पंपाचा ड्रायर बराच महाग आहे. किंमतीतला फरक भरून निघतो का?

उत्तर : हे आपण ड्रायर किती वेळा लावता यावर ठरते. दर फेरीला अडीच युनिटे वाचतात आणि आठवड्यातून तीन फेऱ्या होतात असे धरले, तर वर्षाला १५६ फेऱ्या आणि ३९० युनिटे होतात. या ३९० ला आपल्या दराने गुणावे आणि येणाऱ्या रकमेने दोन यंत्रांच्या किंमतींतील फरकाला भागावे. जितके वर्षे उत्तर येईल तितक्या काळात फरक वसूल होतो. हे उत्तर चार-पाच वर्षांच्या आत आले तर आम्ही हीट पंप घेण्याचा सल्ला देऊ. मात्र महिन्यातून दोन-तीनदाच ड्रायर लागत असेल तर केवळ बचतीसाठी महाग यंत्र घेण्यात अर्थ नाही. कॉम्प्रेसरची दुरुस्ती एलिमेंट बदलण्यापेक्षा खर्चिक असते, हेही हिशेबात धरावे.

लेबल वाचताना एक गोष्ट सांभाळावी. युरोपीय संघाच्या जुन्या लेबलावर वर्षाचा वीजवापर असे आणि तो १६० फेऱ्या गृहीत धरून काढलेला असे. १ जुलै २०२५ पासून लागू झालेल्या, ए ते जी अशा श्रेणींच्या नव्या लेबलावर तो १०० फेऱ्यांसाठी दिला जातो. हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना केली तर नवे यंत्र आहे त्याहून अधिक काटकसरी भासेल. त्याच दिवसापासून तेथे किमान कार्यक्षमतेची अटही इतकी कडक झाली की एलिमेंटवर चालणारे नवे ड्रायर त्या अटीत बसत नाहीत. स्वित्झर्लंडने हेच २०१२ मध्ये केले होते.

प्रश्न : आमचा ड्रायर पूर्वीपेक्षा जास्त वेळ घेतो आणि बिलही वाढले आहे. यंत्र बिघडले आहे की आमचा भास आहे, हे कसे ओळखावे?

उत्तर : यासाठी तंत्रज्ञ बोलावण्यापूर्वी घरच्या घरी एक चाचणी करता येते. प्लग आणि सॉकेट यांच्यामध्ये लावायचा छोटा वीजमापक मिळतो. तो आपल्या ड्रायरचा प्रवाह सोसणारा आहे याची खात्री करून लावावा. पिळलेले कपडे बादलीत भरून वजनकाट्यावर ठेवावेत आणि आकडा लिहून घ्यावा. ड्रायर थांबल्यावर तेच कपडे त्याच बादलीत पुन्हा तोलावेत. वजनातला फरक म्हणजे उडालेले पाणी. मापकावरील युनिटांना त्या किलोंनी भागावे. एलिमेंटच्या ड्रायरचे उत्तर एकच्या आसपास आणि हीट पंपाचे अर्ध्याच्या आत यायला हवे. उत्तर ठीक येत असेल तर यंत्र निर्दोष आहे आणि कपडेच जास्त ओले येत आहेत. मग स्पिनकडे पाहावे.

उत्तर चढे आले तर बहुतेक वेळा हवेची वाट अडलेली असते. दारातल्या जाळीवर साचणारा तंतूंचा थर दर फेरीनंतर हाताने ओढून काढावा; बाहेर हवा सोडणारी नळी असेल तर तीही मधूनमधून साफ करावी, कारण साचलेले तंतू आग लागण्याचेही कारण ठरतात. हीट पंपाच्या ड्रायरमध्ये गुंडाळीच्या पात्यांवर बसणारी धूळ जाळी स्वच्छ असतानाही यंत्राला धाप लावते.

दुसरे ठिकाण म्हणजे ओलावा मोजणाऱ्या पट्ट्या. ड्रमच्या तोंडाशी धातूच्या दोन पट्ट्या असतात. ओला कपडा दोन्हींना टेकला की त्यातून सूक्ष्म प्रवाह वाहतो आणि कपडा वाळत जातो तसा तो घटतो. फॅब्रिक सॉफ्टनरचा किंवा जड पाण्यातील क्षारांचा पातळ थर पट्ट्यांवर बसला की यंत्राचा अंदाज चुकतो आणि कपडे ओले असतानाच ते थांबते. मग आपण चिडून ठरावीक वेळेचा प्रोग्राम लावतो, आणि वाळलेले कपडेही अर्धा तास भाजत राहतात. ओल्या फडक्यावर थोडे व्हिनेगर घेऊन पट्ट्या पुसल्या की बहुधा भागते.

प्रश्न : अर्धाच ड्रम भरला तर निम्मी वीज लागते का? आणि लोकरीचे गोळे टाकल्याने काही फरक पडतो का?

उत्तर : निम्मी नाही, निम्म्यापेक्षा जास्त लागते, कारण ड्रम आणि हवा तापवण्याचा खर्च फारसा बदलत नाही. याउलट ठासून भरलेल्या ड्रममध्ये कपडे उलटेपालटे होत नाहीत आणि चादरीच्या पोटात मोजे ओलेच राहतात. जाड आणि पातळ कपडे वेगळे लावावेत. लोकरीचे गोळे कपडे सुटे ठेवतात एवढेच. पाणी तेवढेच उडवायचे असल्यामुळे त्यांच्या वेष्टनावरील दाव्यांवर फार विसंबू नये. इस्त्री करायचीच असेल तर ‘इस्त्रीयोग्य’ ओलाव्यावर यंत्र थांबवणे अधिक फायद्याचे ठरते.

प्रश्न : धुणे आणि वाळवणे दोन्ही करणारे एकच यंत्र घ्यावे का?

उत्तर : जागा नसेल तरच. अशा यंत्रांत आठ किलो धुता येतात, पण वाळवण्याची क्षमता बहुधा पाचच्या आसपास असते. म्हणजे अर्धे कपडे काढून दोनदा वाळवावे लागतात. त्यांतील बहुतेक एलिमेंटवर चालतात, आणि काही वाफेचे पाणी करण्यासाठी थंड पाणी वापरून ते सांडपाण्यात सोडतात, त्यामुळे पाण्याचा खर्चही वाढतो.

प्रश्न : बाहेर कपडे वाळत घालण्याची सोय नाही. घरातच वलणीवर वाळवले तर खर्च शून्य, हे खरे ना?

उत्तर : विजेच्या मीटरपुरते खरे आहे. पण कपड्यांतील दोन-तीन लिटर पाणी खोलीच्या हवेतच जाते, आणि खिडक्या बंद असतील तर ते गार भिंतींवर बसून बुरशीला आमंत्रण देते. हवा खेळती असेल तर कपड्यांवर सोडलेला पंखा पुरे. तो चाळीस-पन्नास वॅटमध्ये काम करतो. हवाच दमट असेल तर खोली बंद करून हवेतला ओलावा शोषणारा डीह्युमिडिफायर लावावा. उबदार, दमट खोलीत तो एका युनिटात साधारण दीड ते दोन लिटर पाणी काढतो. एलिमेंटचा ड्रायर एक लिटर आणि हीट पंपाचा दोन ते तीन लिटर काढतो, तेव्हा त्याचा क्रमांक या दोहोंच्या मधे लागतो. खोली गार असेल तर मात्र त्याची क्षमता झपाट्याने उतरते. कपडे एकमेकांना चिकटू न देता चार बोटे अंतराने घालावेत आणि ओलाव्याची पातळी ५० ते ५५ टक्क्यांवर ठेवून यंत्र आपोआप बंद होईल अशी व्यवस्था करावी.