वाचकांचे प्रश्न : थ्रॉटल बॉडी बदलण्याआधी

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी सहा वर्षं जुनी आहे. गेल्या महिन्यात चार वेळा चालता चालता पिकअप एकदम गेला, चेक इंजिनचा दिवा लागला आणि पेडल कितीही दाबलं तरी गाडी नुसती रांगत राहिली. बाजूला घेऊन बंद केली, पुन्हा चालू केली की सगळं ठीक. स्कॅनरवर पी २१३५ हा कोड आला. ‘थ्रॉटल बॉडी गेली, नवीन टाका’ असा सल्ला मिळाला आहे. टाकू का?

उत्तर : इतक्यात नको. थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप ज्यात असते तो भाग) खराब झाली, असं हा कोड म्हणत नाही. झडप किती उघडी आहे हे सांगणारे दोन सेन्सर एकमेकांशी जुळत नाहीत, एवढीच त्याची तक्रार आहे. कोणता चुकतोय आणि का, हे आपण शोधायचं असतं.

तुमच्या पेडलपासून झडपेपर्यंत केबल नाही. पेडलमधले सेन्सर ईसीएमला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, पाय किती दाबला ते कळवतात, ईसीएम मोटरला झडप उघडायला लावतो आणि झडपेवरचे दोन सेन्सर ‘इतकी उघडली’ असं उलट कळवतात. बऱ्याच गाड्यांत झडप उघडताना एकाचं व्होल्टेज चढतं आणि दुसऱ्याचं तेवढंच उतरतं, त्यामुळे दोन्हींची बेरीज कायम ५ व्होल्टच्या आसपास राहते. (काही गाड्यांत दोन्ही चढतात, पण वेगवेगळ्या दराने. आपल्या गाडीचं कोष्टक आधी बघून घ्यावं.) बेरीज क्षणभरही जास्त हलली की ईसीएम मोटरची ताकद काढून घेतो. मग आतली स्प्रिंग झडपेला किंचित उघड्या जागी आणून ठेवते. म्हणून तुमची गाडी बंद पडली नाही, रांगत राहिली. तो बिघाड नव्हे, तुमच्या सुरक्षिततेसाठी मुद्दाम केलेली सोय आहे.

आता तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट : बंद-चालू केलं की ठीक होते. म्हणजे दोष येऊन-जाऊन आहे. तो कधी येतो ते आठवा. खड्ड्यातून जाताना, गिअर टाकताना इंजिन हललं की, किंवा इंजिन खूप तापल्यावर? मग संशय वायर आणि कनेक्टरवर. रस्ता कसाही असो, पेडल ठरावीक जागी आलं की प्रत्येक वेळी येतो? मग सेन्सरचा आतला पट्टा झिजलेला असू शकतो, कारण रोजच्या चालवण्यात झडप बहुतेक वेळ त्याच टप्प्यात फिरत असते.

मी २६ वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करते. सुरुवातीच्या काळात याच कोडवर मी एका गाडीची थ्रॉटल बॉडी बदलून दिली होती. आठव्या दिवशी तीच गाडी ओव्हरटेक करताना मधेच रांगायला लागली, आणि आत दोन लहान मुलं होती. दोष निघाला हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात. क्लिपपाशी, इंजिनच्या हालचालीने सिग्नलची वायर आवरणाच्या आत तुटली होती. बाहेरून ती धडधाकट दिसत होती. त्या दिवसापासून पार्टला हात लावण्याआधी मी वायर तपासते, आणि तुम्हीही तसाच आग्रह धरा.

इग्निशन ऑन, इंजिन बंद. स्कॅनरवर दोन्ही सेन्सरचं व्होल्टेज आलेखात लावा आणि पेडल अगदी सावकाश दाबत सोडत जा. रेघ कुठे तुटते का बघा. मग दुसऱ्या माणसाला हार्नेस कनेक्टरपासून मागे वीतभर वीतभर हलवत न्यायला सांगा. साधा स्कॅनर सेकंदाला मोजकीच मापं घेतो, क्षणाची तूट त्यातून निसटते. व्होल्टेजचा क्षणाक्षणाचा चढउतार दाखवणारा ऑसिलोस्कोप असेल तर उत्तम.

यानंतर मल्टिमीटर. सेन्सरचा ५ व्होल्टचा पुरवठा आणि अर्थ (अर्थिंगची वायर), दोन्ही कनेक्टर जोडलेला असतानाच मागच्या बाजूने मोजा. अर्थच्या वायरीवर ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये. बहुतेक थ्रॉटल बॉडींत दोन्ही सेन्सरची अर्थ एकच असते. तिथे ०.३ व्होल्ट उरले, तर बेरीज ५ ऐवजी ५.३ होते आणि चांगले सेन्सर खोटे ठरतात. पुरवठाच ५ पेक्षा कमी असेल, तर त्याच ५ व्होल्टवर चालणारा दुसरा एखादा सेन्सर शॉर्ट आहे का तेही बघा.

कनेक्टर काढल्यावर हिरवा गंज, तेल, मागे सरकलेली पिन शोधा. एक कळकळीची विनंती : मीटरची जाड सुई पिनच्या तोंडात खुपसू देऊ नका. पिन कायमची सैल होते आणि नव्हता तो दोष जन्माला येतो. एवढं सगळं चांगलं निघालं आणि रेघ तरीही तुटली, तर खुशाल थ्रॉटल बॉडी बदला.

प्रश्न : माझ्या गाडीत कोड पी २१३८ आहे. हेच सगळं लागू का?

उत्तर : पद्धत हीच, जागा वेगळी. हे भांडण पेडलमधल्या दोन सेन्सरांचं आहे. बहुतेक पेडलमध्ये दोघांचा पुरवठा आणि अर्थ स्वतंत्र असतात, म्हणून सहाही वायरी मोजा. अनेक पेडलांत दुसऱ्याचं व्होल्टेज पहिल्याच्या निम्मं असतं.

प्रश्न : थ्रॉटल बॉडी साफ केल्यापासून आयडल (पेडल न दाबता इंजिन फिरतं तो वेग) वर-खाली होतंय. काय बिघडवलं मी?

उत्तर : बहुधा काहीच नाही. झडपेच्या कडेला कार्बन होता तेव्हा ईसीएम ती जास्त उघडून आयडल सांभाळत होता. कार्बन गेला, पण जुनी सवय ईसीएमच्या स्मृतीत राहिली. आयडल पुन्हा शिकवावं लागेल. त्याची रीत मॉडेलनुसार वेगळी असते, बऱ्याचदा स्कॅनरमध्ये तसा पर्याय असतो. पुढच्या वेळी क्लीनर कापडावर घेऊन पुसा. आणि इग्निशन ऑन असताना झडपेत बोट अजिबात घालू नका, मोटर ती कधीही झटक्याने मिटवू शकते.

प्रश्न : केबल नाही म्हटल्यावर गाडी आपोआप सुसाट सुटेल अशी भीती वाटते.

उत्तर : भीती समजते. टोयोटाच्या गाड्यांबाबत अमेरिकेत हीच शंका उठली तेव्हा नासाच्या अभियंत्यांनी तपास केला. फेब्रुवारी २०११ च्या अहवालानुसार गाडी धोकादायक सुसाट सोडेल असा इलेक्ट्रॉनिक दोष त्यांना आढळला नाही. पेडल अडकणं आणि पायाखालच्या मॅटमध्ये पेडल गुंतणं ही यांत्रिक कारणं मात्र खरी होती. म्हणून आजच तुमची मॅट हुकात बसली आहे का ते बघा. कधी प्रसंग आलाच तर ब्रेक एकदाच जोरात दाबून धरा, थोडा थोडा दाबत-सोडत बसू नका, कारण झडप उघडी असताना ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पुन्हा तयार होत नाही. मग गिअर न्यूट्रलमध्ये टाका. गाडी थांबल्यावरच इंजिन बंद करा.