चेक लोकांना इंग्रजी शिकवताना शब्दांचे उच्चार चेक अक्षरांत लिहून द्यावेत का?

नका देऊ. तुम्ही लिहिलंय की प्रागला तुमच्याकडे शिकायला येणारे स्वतःच हट्ट धरतात: शब्द, चेक अक्षरांत उच्चार, अर्थ, अशी तीन रकान्यांची वही. मी चेकमधल्याच ब्रनो शहरात सहा वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवलं आणि याच वहीवरून माझं आमच्या संचालकबाईंशी वाजलं, म्हणून लिहितेय.

माझ्या वर्गात सत्तरीच्या एक आजी होत्या. मुलगी इंग्लंडात, तिच्याकडे जायचं म्हणून दोन वर्षं नेमाने आल्या. चार वह्या भरल्या, सगळ्या तोंडपाठ. ब्रनोहून लंडनच्या स्टॅनस्टेड विमानतळावर उतरल्या आणि पट्ट्यावर बॅग आलीच नाही. काउंटरवर ‘माय बॅग, माय बॅग’ म्हणत राहिल्या, तिथल्या मुलीला ऐकू आलं ‘माय बॅक’. म्हातारीची पाठ धरली असं समजून तिने व्हीलचेअर मागवली. आजी त्या खुर्चीत बसून रडल्या. परत आल्यावर मला म्हणाल्या, ‘माझ्या डोक्यातच काही शिरत नाही.’ सगळं शिरलं होतं हो! वहीत ‘बेग’ लिहिलेलं, ते त्यांनी चेक वाचतात तसंच वाचलं: ‘बेक’.

चेकमध्ये शब्दाच्या शेवटी ग चा क होतो, द चा त. ‘लेद’ म्हणजे बर्फ आणि ‘लेत’ म्हणजे उड्डाण, लिहायला वेगळे, बोलताना दोन्ही ‘लेत’. शिवाय त्यांच्याकडे आपला ॲ नाही, त्याचा ए होतो. म्हणजे बॅड, बेड, बॅट, बेट हे चारही इंग्रजी शब्द त्यांच्या तोंडी एकच. देवनागरीत हे चार वेगळे लिहिता येतात, म्हणून आपल्याला अशा वहीत काही वावगं दिसत नाही.

आजींना मी शेवटच्या ग वर जोर द्यायला सांगितलंच नाही, आधीचा स्वर लांबवायला सांगितलं. इंग्रजीत ग, ड, ब च्या आधीचा स्वर क, ट, प च्या आधीच्या स्वरापेक्षा लांब असतो आणि ऐकणारा बरंचसं त्यावरूनच ओळखतो. चेक कानाला ही लांबी पटकन कळते, कारण त्यांच्याकडे ‘बित’ म्हणजे फ्लॅट आणि ‘बीत’ म्हणजे असणं. ‘बॅऽग’ आजींना आठवड्याभरात जमलं.

संचालकबाईंचं म्हणणं, उच्चार इंग्रजांनीच शिकवावेत, भारतीयांनी व्याकरण बघावं. ते मला लागलं, अजून लागतं. व्ही आणि डब्ल्यू मधला फरक चेकांना जमत नाही, मलाही मुद्दाम शिकावा लागला. म्हणूनच ओठ कधी गोल करायचे आणि दात ओठावर कधी टेकवायचे, हे मी नेमकं सांगू शकते. जन्मापासून तसंच बोलणाऱ्याला ते सांगायची वेळच आलेली नसते.

अर्थाच्या रकान्यात सुटा शब्द नको, वाक्य लिहून घ्या; दोन्ही भाषांत सारखे दिसणारे शब्द फसवतात. चेक ‘होस्त’ म्हणजे पाहुणा, इंग्रजी ‘होस्ट’ म्हणजे यजमान. चेक बोलण्यात ‘नो’ हा बहुतेकदा होकार असतो.

लहान मुलांना मी कधी शिकवलेलं नाही, तिथे वेगळं असू शकेल. आणि अगदी नवख्यांना, भीती जाईपर्यंतचे पहिले दोन-तीन आठवडे, चेक अक्षरं चालतील. फक्त पेन्सिलीने लिहायला लावा.